'प्लस' गोळी सोडायची कशी? (नैराश्य आणि चिंतेची औषधं)

खलबत्ता
गिऱ्हाईक औषधाच्या दुकानात काउंटरवर रिकामी स्ट्रिप पुढे सरकवतं, आवाज खाली आणतं आणि विचारतं, "ही आता अर्धी अर्धी करून सोडली तर चालेल का हो?" स्ट्रिप बरेचदा 'प्लस'ची असते. म्हणजे एस्सिटॅलोप्राम १० मिग्रॅ आणि क्लोनाझेपाम ०.५ मिग्रॅ, एकाच गोळीत. चिठ्ठी महिन्याभरासाठीची, तारीख मात्र दीड वर्षापूर्वीची.

माझं मत सांगतो. 'सवय लागते' या दोन शब्दांत आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एस्सिटॅलोप्राम हे मूळ औषध. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, पूर्ण अंदाज यायला सहा ते आठ. याची तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही, पण एकदम तोडलं तर शरीर कुरकुरतं. क्लोनाझेपाम तासाभरात शांत करतं, म्हणून माणसाला 'खरी गोळी' तीच वाटते. तिची मात्र खरोखर सवय लागते, आणि ती दोन ते चार आठवड्यांसाठीच असावी असं सगळी पुस्तकं सांगतात. दोन्ही एका गोळीत आल्या की पहिली पुरेसे महिने टिकत नाही आणि दुसरी वेळेवर सुटत नाही.

तर प्रश्न असा: प्लस गोळीवर असलेल्याने उतरायचं तर क्रम काय, किती आठवडे, आणि वाटेत काय बघायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. गोळी घ्यावी की नाही यासाठी हा धागा नाही.

पेठी
असं शेवटी लिहिलंत म्हणजे पाचव्या प्रतिसादात तेच सुरू होणार. शेंगदाणे घेऊन बसलोय.

मनकवडा
चांगला धागा. सोडण्याआधी सोडायची वेळ झाली आहे का ते बघू. नैराश्याचा पहिलाच झटका असेल तर पूर्ण बरं वाटायला लागल्यापासून किमान सहा महिने, शक्यतो नऊ. गोळी सुरू केल्याच्या तारखेपासून मोजायचं नाही, इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. दोन-तीन वेळा नैराश्य येऊन गेलं असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. 'बरं वाटणं' मोजायला पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी वापरतात, गुण ० ते २७. पाचच्या खाली काही महिने टिकला असेल तर उतरायचं बोलता येतं. चिंतेसाठी जीएडी-७, गुण ० ते २१, तिथेही पाचच्या खाली.

आता क्रम. पहिलं काम म्हणजे डोसला हात न लावता प्लस गोळी फोडणं, म्हणजे डॉक्टरांकडून दोन वेगळ्या गोळ्या लिहून घेणं: साधी एस्सिटॅलोप्राम १० आणि क्लोनाझेपाम ०.२५ च्या दोन. तेवढ्यावर एक आठवडा. काहीच बदललेलं नाही हे मनाला पटू द्यायचं.

दुसरं, आधी क्लोनाझेपाम. ०.२५ ची स्ट्रिप घेण्याचं कारण हेच की त्यात पायऱ्या बसतात: रात्री दोन गोळ्यांच्या दीड, मग एक, मग अर्धी, मग शून्य. दर पायरीला दोन आठवडे. कमी डोसवर थोड्या महिन्यांपासून असलेल्या माणसाला हे जमतं. वर्षानुवर्षं घेणाऱ्याला किंवा दिवसाला एक-दोन मिग्रॅ घेणाऱ्याला हा वेग फार जास्त आहे, तिथे एकदम थांबवल्यास फिट येऊ शकते. वेळापत्रक डॉक्टरनेच आखायचं. प्रत्येक पायरीनंतर तीन-चार रात्री झोप बिघडते, ती बिघडणार हे आधी सांगून ठेवलं की निम्मं काम होतं.

तिसरं, क्लोनाझेपाम शून्यावर आल्यावर महिनाभर काहीही करायचं नाही. मगच एस्सिटॅलोप्राम १० ची ५, चार आठवडे. ५ ची अडीच, चार आठवडे. मग पुढचं ठरवायचं. घरात लग्न, परीक्षा, बदली, नवजात बाळ असं काही असेल तर मुहूर्त पुढे ढकला.

बोरकूट
साधा प्रश्न. प्लस गोळीच अर्धी केली तर दोन्ही एकदम निम्म्या होतील ना? मग एवढा खटाटोप कशाला?

खलबत्ता
@बोरकूट, होतील, तीच तर अडचण. चौथ्या दिवशी झोप गेली, छाती धडधडली तर दोष कोणाचा? कळायला मार्ग नाही. मग माणूस घाबरून पुन्हा पूर्ण गोळीवर जातो आणि 'मला आता ही जन्मभर' असं ठरवून टाकतो.

गोळी तोडण्याबद्दल चार गोष्टी. मेडिकलमध्ये पिल कटर मिळतो, छोट्या डबीत ब्लेड असतं, तो घ्या. सुरीने तोडली की एक तुकडा मोठा, एक भुगा. महिन्याच्या गोळ्या एकदम तोडून ठेवू नका, तोंडात विरघळणारी क्लोनाझेपाम तर दमट हवेत लवकर मऊ पडते. ५ मिग्रॅची गोळी अर्धी होते, चतकोर करायला गेलात की प्रत्येक तुकडा वेगळ्या वजनाचा. आणि ज्या नावापुढे ईआर, एक्सआर, सीआर किंवा एसआर लिहिलंय, म्हणजे नैराश्यावरच्याच डेसव्हेनलाफॅक्सिन, व्हेनलाफॅक्सिनच्या कॅप्सूल, पॅरॉक्सेटिन सीआर, त्या तोडायच्या नाहीत, चावायच्या नाहीत. दिवसभरात झिरपायचं औषध तासाभरात सुटतं.

शंकेखोर
थोडी माती कालवतो. २०२२ साली जोॲना मॉन्क्रीफ आणि सहकाऱ्यांनी सगळ्या संशोधनाचा आढावा घेऊन सांगितलं की मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन कमी झाल्याने नैराश्य येतं याला सुसंगत पुरावा नाही. मग सेरोटोनिनची गोळी नक्की काय दुरुस्त करते? आधी घ्यायचीच कशाला आणि मग सोडायचा हा द्राविडी प्राणायाम कशाला?

पेठी
पाचवाच. मोजून.

मनकवडा
@शंकेखोर, आढावा खरा आहे. 'मेंदूत रसायन कमी झालंय, ते भरून काढतोय' हे वाक्य आम्ही लोकांनी पेशंटला सोपं पडावं म्हणून वापरलं आणि ते अंगाशी आलं. पण कारण माहीत नसणं आणि उपचार लागू न पडणं या दोन गोष्टी एक नव्हेत. पॅरासिटामॉलने ताप उतरतो म्हणून ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेने आला असं कोणी म्हणत नाही.

गोळी लागू पडते का, हा वेगळा प्रश्न. २०१८ साली चिप्रियानी आणि मंडळींनी ५२२ चाचण्या आणि २१ औषधं एकत्र तपासली. सगळीच्या सगळी औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस निघाली, पण सरासरी फरक माफक होता. म्हणजे सौम्य नैराश्यात, पीएचक्यू १० च्या खाली असताना, थेट गोळी सुरू करण्यात हशील नाही. समुपदेशन, व्यायाम, झोपेची शिस्त आधी. मध्यम आणि तीव्र आजारात गोळी आणि सीबीटी (विचारांच्या सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन) दोन्ही मिळून काम जास्त करतात.

शंकेखोर
'माफक' हा शब्द तुमच्याच तोंडून आला, माझं काम झालं. :) पण मग लोकांना सोडल्यावर त्रास होतो तो आजार परत आल्याचा की गोळी गेल्याचा? डॉक्टर सरसकट 'बघा, आजार परत आला' म्हणतात.

मनकवडा
रास्त प्रश्न, आणि सरसकट तसं म्हणणारे डॉक्टर चुकतात. फरक घड्याळावर दिसतो. गोळी गेल्याचा त्रास दोन ते चार दिवसांत सुरू होतो आणि त्यात आजारात नसलेल्या गोष्टी असतात: डोळे इकडून तिकडे फिरवले की डोक्यात विजेचा बारीक झटका, चक्कर, मळमळ, फ्लूसारखी अंगदुखी, लख्ख आठवणारी विचित्र स्वप्नं, विनाकारण रडू. आधीचा डोस परत दिला की एक-दोन दिवसांत हे ओसरतं. आजार परततो तो हळूहळू, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, आणि त्याचा चेहरा आधीचाच असतो: पहाटे जाग, कशात रस नाही, अपराधी वाटणं. गोळी परत दिली तरी तो दोन दिवसांत हलत नाही.

आजार परतण्याचा धोकाही खोटा नाही. ब्रिटनमधली ॲन्टलर चाचणी, २०२१. दीर्घकाळ गोळी घेणारी आणि बरी असलेली माणसं. ज्यांनी चालू ठेवली त्यांच्यात वर्षभरात ३९ टक्क्यांना आजार परतला, ज्यांची हळूहळू बंद केली त्यांच्यात ५६ टक्क्यांना. दोन्ही बाजूंनी वाचा: चालू ठेवूनही ३९ टक्क्यांना परतला, आणि बंद करूनही ४४ टक्के वर्षभर ठीक राहिले.

सायंकाळ
एक दिवसाआड घेऊन सोडणं हा सगळ्यात प्रचलित सल्ला आहे. त्यावर कोणी लिहिलं नाही.

मनकवडा
एस्सिटॅलोप्रामला चुकीचा. त्याचं अर्धआयुष्य तीसएक तासांचं. रोज घेता तेव्हा पातळी खालच्या टोकाला निम्म्याच्या किंचित वर असते, दिवसाआड घेतली की ४८ तासांत ती एक तृतीयांशावर येते आणि पुन्हा उसळते. दर दोन दिवसांनी छोटं विथड्रॉवल. सर्ट्रालिनचंही तेच, व्हेनलाफॅक्सिन आणि पॅरॉक्सेटिनचं तर विचारूच नका, त्यांचा एक डोस चुकला तरी संध्याकाळी कळतं. अपवाद फ्लुओक्सेटिन. ते आणि त्याचं शरीरात तयार होणारं रूप आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, आपलं आपणच उतरतं. म्हणून अवघड औषधावरून कधीकधी आधी फ्लुओक्सेटिनवर आणून मग सोडवतात.

अटकेपार
इकडे ब्रिटनमध्ये शेवटच्या टप्प्यासाठी एस्सिटॅलोप्रामचे थेंब लिहून देतात, २० मिग्रॅ प्रति मिली, एक थेंब म्हणजे १ मिग्रॅ. त्यामागचं तर्कशास्त्र २०१९ मध्ये होरोविट्झ आणि टेलर यांनी मांडलं. डोस आणि मेंदूवरचा परिणाम सरळ रेषेत चालत नाही. १० मिग्रॅला सेरोटोनिनची सुमारे ८० टक्के दारं अडवलेली असतात, २० केलात तरी थोडीच वाढतात. ५ वर आलात तरी फार फरक नाही, अडीचलाही निम्म्याहून जास्त दारं बंदच. अडीचवरून शून्य ही खरी दरड. लोक म्हणतात 'दहाची पाच केली, काही झालं नाही, म्हणून उरलेली सोडून दिली', आणि तिथेच आपटतात. म्हणून २.५, २, १.५, १ अशा पायऱ्या शेवटी लहान होत जातात.

बोरकूट
म्हणजे जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटून पाय टाकावा आणि तिथे दोन पायऱ्या असाव्यात तसं.

तिरफळ
वयस्कर माणसांबद्दल कोणीच बोललं नाही, मी लिहितो. पासष्टीच्या पुढे एस्सिटॅलोप्राम सहसा १० च्या वर नेत नाहीत. आणि सुरू करताना बीपीची गोळी कोणती हे बघा. टेल्मिसार्टनच्या नावापुढे 'एच' किंवा 'सीएच' असेल तर त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन आहे, लघवीवाटे मीठ काढणारं. एसएसआरआय गटाची, म्हणजे एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी गोळीही सोडियम खाली आणते. दोन्ही एकत्र, वर 'बीपी आहे' म्हणून अळणी जेवण. पहिल्या महिन्यात आजी जेवणाच्या ताटावर बसल्या बसल्या झोपायला लागतात, बाथरूमला जाताना तोल जातो, काल काय झालं ते गोंधळतात. घरचे म्हणतात नवीन गोळीची गुंगी. असू शकते, 'प्लस' असेल तर नक्कीच, पण आधी सोडियम बघा. सीरम इलेक्ट्रोलाइट्स, साधी रक्ततपासणी. १३५ ते १४५ ठीक. १२५ च्या खाली गेलं तर इस्पितळ. गोळी सुरू करण्याआधी एकदा आणि दोन आठवड्यांनी एकदा तपासली की पुढचा अनर्थ टळतो.

आणि क्लोनाझेपामवर म्हातारी माणसं रात्री उठून पडतात, खुब्याचं हाड मोडतं. आमच्या गोव्यात बांबोळीला जा नाहीतर कुठेही जा, हाडांच्या वॉर्डात 'झोपेची गोळी घेता का?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

खलबत्ता
@तिरफळ, फार मोलाचं. त्यात भर घालतो, काउंटरवर न विचारता घेतल्या जाणाऱ्या वस्तूंची. पँटोप्राझोल-डॉम्पेरिडोनची कॅप्सूल लोक चण्यासारखी खातात. डॉम्पेरिडोन आणि एस्सिटॅलोप्राम दोन्ही ईसीजीमधलं क्यूटी अंतर लांबवतात (ते फार लांबलं की हृदयाचे ठोके बिघडतात), त्यात ॲझिथ्रोमायसिनचा तीन दिवसांचा कोर्स आला की तिसरं. हृदयरोग्यांनी तर हा खेळ करूच नये. नुसती पँटोप्राझोल चालते. ओमेप्राझोल मात्र एस्सिटॅलोप्रामची रक्तातली पातळी वाढवते.

दुखण्यावर पॅरासिटामॉल बिनधास्त. ट्रॅमाडॉल नको, त्याने सेरोटोनिन सिंड्रोम (शरीरात सेरोटोनिन फार वाढून होणारा त्रास) आणि फिट दोन्हींचा धोका. कोरड्या खोकल्याच्या सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, तेही टाळा. रोज ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याने वर डायक्लोफिनॅक घेतलं तर पोटातल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो, एसएसआरआयने तो आणखी वाढतो. काळी शौच झाली तर वाट बघू नका.

आजीचा_बटवा
गोळी सोडून अश्वगंधा सुरू केली तर? नैसर्गिक आहे, त्रास नाही.

मनकवडा
धोतराही नैसर्गिक आहे. गमतीत घ्या. अश्वगंधेने गुंगी येते, क्लोनाझेपामबरोबर ती वाढते. थायरॉइडच्या पातळीत फरक पडतो. यकृताला सूज आल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. घ्यायची असेल तर डॉक्टरला सांगून, पण पायऱ्या उतरत असताना नवं काहीच सुरू करू नका, कशाने काय झालं ते कळत नाही. ऑनलाइन मिळणारं सेंट जॉन्स वर्ट तर एसएसआरआयबरोबर चक्क धोक्याचं.

थायरॉइडवरून आठवलं. गोळी सुरू करण्याआधी टीएसएच, हिमोग्लोबिन आणि बी-१२ बघावं. शाकाहारी घरांत बी-१२ तळाला असतं, थकवा आणि उदासी दोन्हीत त्याचा हात असू शकतो. आणि एक प्रश्न विचारलाच पाहिजे: आधी कधी चार-पाच दिवस झोप न लागताही भरपूर उत्साह, उधळपट्टी, अखंड बडबड असं झालं होतं का? उत्तर हो असेल तर तो बायपोलर (उदासी आणि अतिउत्साह या दोन टोकांत फिरणारा आजार) असू शकतो आणि नुसत्या नैराश्याच्या गोळीने माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो.

रात्रपाळी
कॉलेजमधल्या मुलांसाठी काही वेगळं? होस्टेलवर एकमेकांच्या स्ट्रिप वाटून घेतात.

मनकवडा
वाटून घेणं अजिबात नको. पंचविशीच्या आत पहिल्या काही आठवड्यांत बेचैनी वाढून आत्महत्येचे विचार येण्याचा धोका थोडा वाढतो. अमेरिकेच्या एफडीएने २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी चौकटीतली सूचना छापायला लावली ती म्हणूनच. सुरुवात ५ मिग्रॅने, आठवड्यानंतर १०, आणि पहिल्या आठवड्यातच पुन्हा भेट. डोस बदलल्यावरही हेच. पाय एका जागी न ठरणं, चिडचिड, झोप पूर्ण उडणं हे दिसलं तर 'सवय होईल' म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरला फोन. रात्री कोणी सापडलं नाही तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जिवाला धोका वाटला तर थेट जवळचं इस्पितळ, माणसाला एकटं सोडायचं नाही.

पेठी
धागा गंभीर झालाय म्हणून एक शंका. डेसव्हेनलाफॅक्सिन घेणाऱ्याला सकाळी संडासात अख्खी गोळी दिसते म्हणे. औषध वाया गेलं का? पैसे परत मागायचे का?

खलबत्ता
खिक्. ते टरफल आहे. औषध झिरपून गेलेलं असतं, आतला सांगाडा जसाच्या तसा बाहेर पडतो. पैसे परत मिळणार नाहीत, टरफल दाखवायला आणू नये ही विनंती.

वाळवंटी
दुबईला येणाऱ्यांसाठी: क्लोनाझेपाम इथे नियंत्रित औषध आहे. निघण्याआधी इथल्या सरकारकडे ऑनलाइन अर्ज करून परवानगी घ्यावी लागते, सोबत चिठ्ठी, मूळ पॅकिंग, पासपोर्टवरच्या नावाशी जुळणारं नाव. डबीत सुट्या गोळ्या आणू नका. 'प्लस'मध्ये क्लोनाझेपाम आहे हे अनेकांना माहीतच नसतं, ब्रँडचं नाव वाचून 'टेन्शनची गोळी' म्हणून बॅगेत टाकतात.

सायंकाळ
लैंगिक तक्रारींबद्दल कोणीच लिहिलेलं नाही, आणि बरेच जण गोळी गुपचूप सोडतात ते त्याच कारणाने. वीर्यपतनाला उशीर, इच्छा कमी, बायकांना तृप्ती न मिळणं. डॉक्टर विचारत नाहीत, पेशंट सांगत नाही.

मनकवडा
बरोबर. सांगा, कारण पर्याय आहेत: डोस कमी करणं, मर्टाझापिन किंवा बुप्रोपियॉनवर जाणं. मर्टाझापिनने भूक आणि वजन वाढतं. बुप्रोपियॉन चिंता जास्त असेल तर फारसं कामाचं नाही आणि फिट येणाऱ्याला चालत नाही. गरोदर राहायचा विचार असेल तर तेही आधी सांगा. दिवस राहिल्याचं कळताच घाबरून एकदम गोळी तोडणं हा सगळ्यात वाईट रस्ता. पॅरॉक्सेटिन टाळतात, सर्ट्रालिन बहुधा पहिली पसंती, स्तनपानातही.

शंकेखोर
मूळ प्रश्नावर येतो, नाहीतर पेठी पुन्हा मोजतील. खलबत्ता, तुमच्या गिऱ्हाइकाला हे सगळं पाठ कोण करून देणार? काउंटरवर दोन मिनिटं असतात.

खलबत्ता
दोन मिनिटांत तीन प्रश्न बसतात. बरं वाटायला लागून किती महिने झाले? बीपीची, हृदयाची, पोटाची कुठली गोळी चालू आहे? चिठ्ठी कधीची? पहिल्याचं उत्तर सहाच्या आत असेल तर 'आत्ता नको, डॉक्टरकडे जा'. सहाच्या पुढे असेल तर चिठ्ठीच्या मागे पेनने एकच ओळ: 'डॉक्टरांना विचारा, प्लसच्या जागी दोन वेगळ्या गोळ्या देता का?' पायऱ्या तिथून पुढे डॉक्टर आखतील. अडचण येते ती तिसऱ्या प्रश्नावर.

पेठी
चिठ्ठीची तारीख विचारलीत की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाणार.

खलबत्ता
जातं. समोरच्याला हा धागा पाठवलाय.